छत गळत होतं, पण पाणी घरातलंच होतं

पर्वतीपायथा
२७ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने कॅनडात, रिजायनाला होते. घर १९६०च्या दशकातलं, लाकडी सांगाड्याचं. पारा उणे ३०च्या खाली उतरला की रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची वायर जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी ते सुरूच होत नाही. अशी तिथली थंडी.

मार्चमध्ये एक दिवस स्वच्छ ऊन पडलं, पारा शून्याच्या वर गेला आणि न्हाणीघराबाहेरच्या पॅसेजमध्ये छतातून टपटप पाणी पडायला लागलं. बाहेर पाऊस नाही. मी पुण्याची, छत गळलं म्हणजे वॉटरप्रूफिंग गेलं एवढंच मला माहीत. जावयांना म्हटलं, छपराला कुठेतरी भोक पडलंय, माणूस बोलवा.

माणूस आला, पण तो छपरावर चढलाच नाही. पॅसेजमधलं माळ्याचं झाकण उघडून त्याने टॉर्च मारला आणि मला शिडीवर बोलावलं. छपराच्या फळ्यांना आतून पांढरं हिम लगडलं होतं. प्रत्येक खिळ्याच्या टोकावर बर्फाचा मणी. दोन महिने आम्ही घरात जी वाफ केली, ती तिथे साठली होती आणि उन्हाने आता खाली येत होती.

वाफ किती, ते सांगते. बाळंतिणीचं घर. रोज सकाळी बाळाचं आणि आईचं कढत पाण्याने न्हाणं, दिवसभर कुकर, बाळाची दुपटी घरातच दोरीवर वाळत, वर हवा कोरडी पडते म्हणून लावलेलं ह्युमिडिफायर. पाच माणसांचा श्वास वेगळाच. बाहेरून ताजी हवा घेणारी एक नळी बेसमेंटमध्ये होती, ती गार वारा येतो म्हणून जावयांनी जुन्या टॉवेलने बंद केलेली. आणि न्हाणीघरातल्या एक्झॉस्ट फॅनची नळी माळ्यावर सुटून पडली होती. म्हणजे फॅन लावला की सगळी वाफ सरळ माळ्यावर.

पण मला खरं हलवलं ते पुढच्या गोष्टीने. आदल्या शरद ऋतूत त्यांनी माळ्यावर जादा इन्सुलेशन घालून घेतलं होतं. वर्तमानपत्रांचा बारीक भुगा असतो, आग आणि कीड लागू नये म्हणून बोरॉनचं मीठ लावलेला. तो ४० सेंटिमीटर जाडीचा पसरला. बिल कमी झालं, लेक खूश. फटी मात्र कुणी बुजवल्या नाहीत. आधी घरातली ऊब झिरपून माळा थोडा तरी कोमट राहायचा. आता माळा बाहेरइतकाच गार, आणि फटींमधून वाफ पूर्वीसारखीच वर. चांगलं काम अर्धं केल्याने घर आधीपेक्षा जास्त ओलं झालं.

मी ३० वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दवबिंदूची व्याख्या शेकडो वेळा फळ्यावर लिहिली, पण तो छतातून डोक्यावर पडेपर्यंत नीट कळला नव्हता. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं थंड देशांत जुनी घरं घेतायत आणि फोनवर आपलाही सल्ला घेतायत. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, मी चुकत असेन तर सांगावं.

—

भोसरीकर
२७ नोव्हेंबर, दुपारी १:३५

ताई, अगदी बरोबर निदान. मी एअर कंडिशनिंगच्या धंद्यात आहे, थोडा हिशेब मांडतो.

२० अंशांच्या हवेत एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. उणे ३०च्या हवेत अर्धा ग्रॅमसुद्धा मावत नाही. तुमच्या घरात आर्द्रता ४५ टक्के धरली तर दर घनमीटरमागे पावणेआठ ग्रॅम वाफ. ही हवा माळ्यावर पोचली की सात ग्रॅमच्या वर पाणी तिथेच टाकते. झाकणाच्या फटीतून, दिव्यांच्या भोकांतून तासाला फक्त १० घनमीटर हवा वर गेली असं समजा. दिवसाला पावणेदोन लिटर पाणी झालं. दोन महिन्यांत शंभर लिटर. एक्झॉस्टची सुटलेली नळी यात धरलेलीच नाही.

हवा वरच का जाते? गरम हवा हलकी. घर म्हणजे एक बुटकी चिमणीच. खालच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते, वरच्या फटींतून गरम बाहेर ढकलली जाते. बाहेर जितकं गार, तितका हा ओढा जोरात. त्यामुळे वरच्या मजल्याच्या छतातल्या फटी सगळ्यात महाग पडतात.

—

नुसतीच_वाचक
२७ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

दुपट्यांचं वाचून अंगावर काटा आला. माझी सून कॅल्गरीत आहे, हेच चालू आहे त्यांच्याकडे. आज रात्री फोन करते.

—

शुक्रवारपेठी
२७ नोव्हेंबर, रात्री ९:२०

माझा थोडा विरोध नोंदवतो. आमचं बालपण वाड्यात गेलं. दोन-दोन फुटांच्या भिंती, चौक, वर कौलं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. घराने श्वास घेतला पाहिजे असं आमचे आजोबा म्हणत. आता म्हणे घर फुग्यासारखं बंद करायचं आणि मग मशीनने हवा घालायची. आधी कोंडायचं आणि मग विकतचा श्वास, हे पटत नाही. फटी राहू द्याव्यात की, तेवढीच ताजी हवा!

—

पर्वतीपायथा
२८ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

शुक्रवारपेठी, तुमचा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

फटीतून येणारी हवा आपल्या गरजेने येत नाही, हवामानाच्या मर्जीने येते. उणे ३०ला, वारा सुटलेला असताना, ती नको इतकी येते. ऑक्टोबरातल्या शांत, कोमट दिवशी येतच नाही, आणि तेव्हा खोलीत पाच माणसं असली तरी तिला त्याचं काही नाही. शिवाय येते कुठून? बेसमेंटच्या मातीतून, भिंतीतल्या उंदराच्या बिळातून. आणि जाताना वाफ घेऊन जाते ती भिंतीच्या पोटात. लाकडी भिंत अशी आतून कुजते की पाच-सात वर्षं बाहेर पत्ता लागत नाही.

मी उदबत्ती घेऊन घरभर फिरले होते. बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगच्या भोकापाशी धूर सरळ आडवा व्हायचा. त्याच भिंतीला टेकून बाळाचा पाळणा ठेवला होता.

—

भोसरीकर
२८ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

उदबत्तीची पद्धत एकदम खरी आहे. तिकडे याचंच मोठं रूप म्हणजे ब्लोअर डोअर. मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि घरातली हवा बाहेर ओढतात, आत-बाहेर ५० पास्कलचा फरक येईपर्यंत. ५० पास्कल म्हणजे फक्त पाच मिलिमीटर पाण्याच्या उंचीचा दाब. फार वाटत नाही, पण तेवढ्याने प्रत्येक फट शिट्टी मारायला लागते. त्या दाबाला तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते, तो घराचा गुणांक. जर्मनीच्या पॅसिव्ह हाऊस मानकात तो ०.६च्या वर चालत नाही. कॅनडाच्या १९८२च्या आर-२००० मानकात १.५. जुन्या घरांचा पाच-सहा सहज निघतो.

आता 'विकतचा श्वास'. हिशेब बघा. एका माणसाला तासाला साधारण ३० घनमीटर ताजी हवा धरतात. पाच माणसांना १५०. बाहेर उणे ३०, आत २०, म्हणजे ५० अंशांनी तापवायची. त्याला लागतात जवळजवळ अडीच किलोवॅट, अखंड. आपला स्टोरेज गिझर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं. म्हणून माणसं टॉवेल कोंबतात, त्यांचा दोष नाही.

यावर उत्तर म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर. कपाटाएवढी पेटी, दोन पंखे, मध्ये पातळ पत्र्यांचा गठ्ठा. न्हाणीघर-स्वयंपाकघरातली शिळी पण ऊबदार हवा एका फटीतून बाहेर जाते, ताजी गार हवा शेजारच्या फटीतून आत येते. दोघी एकमेकींत मिसळत नाहीत, पत्र्यातून ऊब तेवढी देतात-घेतात. ८० टक्के ऊब परत मिळाली तर उणे ३०ची हवा १० अंशांची होऊन खोलीत येते आणि अडीच किलोवॅटचे अर्धा किलोवॅट होतात. जाणाऱ्या हवेतलं पाणी पेटीतच गळतं, त्याला निचऱ्याची नळी लागते. कडाक्याच्या थंडीत आत बर्फही धरतो, तेव्हा पेटी काही मिनिटं बाहेरची हवा बंद करून स्वतःला वितळवून घेते.

हे यंत्र फटी असलेल्या घरात लावून उपयोग नाही, कारण निम्मी हवा पेटीला बगल देऊन जाते. म्हणून आधी घर बंद करायचं.

—

वास्तुरेषा
२८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

वाड्यांबद्दल मला फार जिव्हाळा आहे, विद्यार्थ्यांना घेऊन पेठांमधल्या वाड्यांची मापं घेतली आहेत. म्हणूनच सांगते, जाड भिंत आणि ऊबदार भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन फुटी काळ्या दगडाची भिंत उष्णता अडवण्यात किती थर्मोकोलच्या बरोबरीची? साधारण सव्वा सेंटिमीटर. मलाही पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. दगड उष्णता अडवत नाही, साठवतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ आणि पहाटे वीस-बावीस. भिंत रात्री गार होते आणि दुपारचं ऊन पोटात घेत संध्याकाळपर्यंत आत पोचू देत नाही. तोवर चौकातून वारा फिरायला लागतो. म्हणजे वाडा दिवस-रात्रीच्या फरकावर जगतो. तो फरक सुखाच्या तापमानाच्या वर-खाली असतो म्हणून हे जमतं.

रिजायनात जानेवारीत दुपार उणे १५ आणि रात्र उणे ३०. तिथे भिंत काय साठवणार? तिला फक्त अडवायचं काम आहे, आणि ते काम करते अडकून पडलेली हवा. ग्लासवूल, थर्मोकोल, कागदाचा भुगा, गवताच्या पेंढ्या, सगळ्यांत कामाला येते ती न हलणारी हवाच. ती हलायला लागली की ऊब गेली. स्वेटर घालून वाऱ्यात मोटरसायकलवर बसलात तर काय होतं ते आठवा. वरून विंडचीटर घातला की तोच स्वेटर ऊब देतो. इन्सुलेशन म्हणजे स्वेटर, हवाबंद थर म्हणजे विंडचीटर.

आकड्यात सांगायचं तर आपली नऊ इंची विटेची भिंत दर चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, दोन वॅटच्या आसपास घालवते. २५ सेंटिमीटर खनिज लोकर भरलेली भिंत ०.१५ वॅटच्या आत. चौदापट फरक.

लडाखचं उदाहरण या दोघांच्या मधलं आहे. लेहजवळ फे गावात सेकमोल या संस्थेची शाळा आहे, दाबलेल्या मातीच्या भिंतींची, दक्षिणेला काचा. २०१६ साली तिला मातीच्या वास्तूंसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला. तिथे हिवाळ्यातही लख्ख ऊन असतं, म्हणून जड भिंत ऊन साठवू शकते. जिथे ऊनच नाही, तिथे ही युक्ती लंगडी पडते.

—

टाम्पेरेतून
२९ नोव्हेंबर, पहाटे २:३०

फिनलंडमधून लिहितोय. आज इथे सूर्य साडेतीनच्या आधीच मावळला, त्यामुळे वास्तुरेषा यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन.

दोन गोष्टी जोडतो. एक, रेडॉन. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, रंग-वास नाही, फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण. इथल्या वाळू-खडीच्या लांबट टेकड्यांवर तो जास्त. फटी असलेलं घर चिमणीसारखं ओढतं तेव्हा जमिनीतली ही हवाही वर येते. त्यामुळे तळमजल्याच्या फरशीची कडा सील करणं हे फक्त बिलाचं काम नाही.

दुसरी, माझी स्वतःची चूक. नवीन घरात आलो तेव्हा झोपण्याच्या खोलीतल्या झडपेतून गार हवा अंगावर येते म्हणून मी ती टेपने बंद केली. महिनाभर सकाळी डोकं जड, मुलगी चिडचिडी. मग कार्बन डायऑक्साइडचं मीटर आणलं. दार लावून तिघं झोपलो की पहाटेपर्यंत आकडा २००० पीपीएमच्या वर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार भाग. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच १००० ही मर्यादा सुचवली होती. टेप काढली, झडपेचं तोंड छताकडे वळवलं आणि फिल्टर बदलला. मागच्या घरमालकाने तो कधी काढलाच नसावा, काळा ठिक्कर होता. आता वर्षातून दोनदा बदलतो.

—

शुक्रवारपेठी
२९ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

स्वेटर आणि विंडचीटर पटलं. माझा विरोध मागे. एक शंका मात्र आहे, हे सगळं हल्लीचं, जर्मन लोकांचं शास्त्र ना? मग १९६०च्या घराला काय दोष द्यायचा?

—

पर्वतीपायथा
२९ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

नाही हो! गंमत वाटेल, पण याची सुरुवात लेकीच्या गावातच झाली. १९७३च्या तेलटंचाईनंतर कॅनडातल्या लोकांनी १९७७ साली रिजायनात एक प्रयोगाचं घर बांधलं, सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाऊस. फूटभर जाडीच्या दुहेरी भिंती, आत हवाबंद प्लास्टिकचा थर आणि हवेतली ऊब परत मिळवणारी पेटी. घर तापवणारी भट्टी नाहीच. त्या कामात हॅरॉल्ड ऑर हे इंजिनिअर होते. त्या घरावर सौरयंत्रणाही बसवली होती, ती महागडी आणि कटकटीची ठरली, पण साध्या जाड भिंतींनी आणि बुजवलेल्या फटींनी आपलं काम केलं. जर्मनीत डार्मस्टाटला वोल्फगांग फाइस्ट यांचं पहिलं पॅसिव्ह हाऊस उभं राहिलं ते १९९१च्या सुमारास. लेकीच्या घरापासून ते १९७७चं घर गाडीने थोड्याच वेळावर. एप्रिलमध्ये मी मुद्दाम बाहेरून बघून आले. रस्त्यावरून बघितलं तर तुम्ही पुढे निघून जाल, इतकं साधं.

लेकीच्या घराचं पुढे काय झालं तेही सांगते. उन्हाळ्यात माळ्यावरचा भुगा बाजूला सारून प्रत्येक भोक फोमने आणि सीलंटने बंद केलं. दिव्यांभोवतीचं, नळांच्या पाइपाभोवतीचं, आतल्या भिंती जिथे छताला मिळतात तिथलं. झाकणाला रबराची पट्टी. एक्झॉस्टची नळी थेट छपराबाहेर. बेसमेंटमध्ये पाया आणि लाकूड भेटतं ती कडा बंद केली, सगळ्यात जास्त वारा तिथूनच येत होता. मग भुगा परत पसरला आणि शेवटी पेटी बसवली. ब्लोअर डोअरचा आकडा ६.१ होता, तो २.९ झाला. पॅसिव्ह हाऊसपासून फार लांब आहे, पण जुन्या घराला पुष्कळ.

क्रम माझ्या मनात पक्का बसलाय. फटी, मग भुगा, मग पेटी. त्यांनी भुग्यापासून सुरुवात केली होती.

—

धायरीकर
२९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

सगळा धागा वाचला. आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर. मे महिन्यात रात्री बारालाही छताला हात लावला तर गरम. पीओपी करताना वर थर्मोकोल भरून घेऊ का? आणि ताईंनी सांगितलं तसं सगळ्या फटी बंद करून टाकाव्यात का? न्हाणीघराच्या लूव्हरवर थंडी सुरू झाली तेव्हा मी जाड प्लास्टिक लावलंच आहे, सकाळी आंघोळीला फार गार वारा येतो. आईला दम्याचा त्रास आहे.

—

वास्तुरेषा
२९ नोव्हेंबर, रात्री १०:२५

थर्मोकोल पीओपीच्या वर नको. आगीत ते वितळून गळतं आणि काळा धूर करतं. शिवाय स्लॅब वर तापतच राहतो. इन्सुलेशन स्लॅबच्या वर हवं. सोसायटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी करणार आहे ते विचारा. त्या वेळी ब्रिकबॅट कोब्याच्या खाली पाच सेंटिमीटरच्या एक्सपीएस (थर्मोकोलपेक्षा दाट फोमच्या) शीट घालून घेता येतात, आणि वर पांढरा चायना मोझॅक. केंद्राच्या २०१८च्या इको निवास संहितेत छतातून जाणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला, एका अंशाला १.२ वॅट आहे. उघडा स्लॅब तिच्या कितीतरी पुढे असतो, या थराने तो अर्ध्या वॅटच्या आसपास येईल.

भिंतींना आतून प्लास्टिकची शीट मात्र मुळीच लावू नका. तिकडे वाफ आतून बाहेर जाते म्हणून प्लास्टिक आतल्या, ऊबदार बाजूला. आपल्याकडे पावसाळ्यात भिंत बाहेरून भिजते, ती आतल्या बाजूनेही वाळायला हवी. कॅनडातलं चित्र बघून इथे शीट लावलीत तर पापुद्रे आणि बुरशी दोन्ही घरी येतील.

—

पर्वतीपायथा
२९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

धायरीकर, बाकी सगळं नंतर. तुमच्या न्हाणीघरात गिझर कुठला आहे? गॅसचा असेल आणि आतच बसवला असेल, तर ते प्लास्टिक आत्ता काढा. उद्या नाही, आत्ता.

आमच्या सोसायटीत चार वर्षांपूर्वी डिसेंबरातच हे झालंय. लूव्हरला प्लास्टिक, आत गॅस गिझर, बारावीतली मुलगी आंघोळीला गेली. वीस मिनिटं झाली, हाक मारली तर ओ नाही. वडिलांनी दार तोडलं म्हणून ती आज आहे. बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो, आणि माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही, फक्त गुंगी येते.

मी वर फटी बुजवा म्हटलं ते हवेला दुसरा रस्ता देणाऱ्या घरासाठी. तुमच्या न्हाणीघरात ती लूव्हर हाच एकमेव रस्ता आहे.

—

भोसरीकर
२९ नोव्हेंबर, रात्री १०:४४

ताईंना पूर्ण अनुमोदन. आणि हे तिकडेही घडतं. घर घट्ट केलं आणि बेसमेंटमध्ये जुना, चिमणीवाला गॅसचा वॉटर हीटर तसाच ठेवला, तर स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट लावल्यावर चिमणीतून धूर उलटा घरात ओढला जातो. म्हणून फटी बुजवल्यावर तेही तपासायचं असतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा. धायरीकर, प्लास्टिक काढल्यावरही गिझर आत ठेवू नका. तो ड्राय बाल्कनीत न्या, गरम पाण्याची नळी तेवढी आत.

—

धायरीकर
२९ नोव्हेंबर, रात्री ११:०८

गॅसचाच आहे, आतच आहे. प्लास्टिक काढलं, काचाही पूर्ण उघड्या केल्या. सिलिंडरचा कॉक बंद केलाय. सकाळी आईसाठी शेगडीवर पाणी तापवतो. प्लंबरला फोन झालाय, रविवारी ड्राय बाल्कनीत गिझर हलवायला येतोय.

—

पर्वतीपायथा
३० नोव्हेंबर, सकाळी ६:५५

छान केलंत. आईंना नमस्कार सांगा. आंघोळीच्या आधी पाच मिनिटं बादलीतलं कढत पाणी न्हाणीघरात ओतून ठेवा, गारठा कमी वाटतो. आम्ही तसंच करायचो.